हात केलेला माणूस

लोणखेड्यात बाईमाणूस व्हिडिओ गेम खेळते म्हटल्यावर लोकांना ते थट्टेचं तरी वाटतं, नाही तर काळजीचं. माझं वय चौतीस. कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये नोकरी करते, आईवडलांजवळ राहते आणि रविवारी दुपारची जेवणं आटोपली की माझ्या पगारातून घेतलेल्या कॉम्प्युटरसमोर बसते. शेजारच्या काकू आईला विचारतात, "तुनी पोर अजून खेळस का व?" जणू मी अंगणात लगोरीच मांडून बसले आहे. पूर्वी मी फणकाऱ्याने उत्तर द्यायचे. आता देत नाही, कारण उत्तर देऊन त्या काकूंचं किंवा माझं भलं झाल्याचं मला आठवत नाही.

पण गेल्या काही महिन्यांत जे खेळले त्याने मी थक्क झाले आहे, आणि ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. एका गेममध्ये नुसता डोंगर चढायचा होता. शत्रू नाही, बंदूक नाही, खजिना नाही. एक हात कपारीत अडकवायचा, मग दुसरा, मग पाय. पकड सुटली की पुन्हा खाली. दोन आठवडे मी पडत राहिले, चिडत राहिले, एकदा तर माऊस भिंतीवर फेकला. शेवटी माथ्यावर पोचले तर तिथे काहीच नव्हतं. बर्फ, वारा आणि खाली ढग. मी कितीतरी वेळ खुर्चीत तशीच बसून राहिले. आई दारातून डोकावून म्हणाली, "काय व्हयनं? कोनी मरी गया का?"

दुसऱ्यात घोडा होता आणि कुठलंसं राज्य वाचवायचं होतं. ते मी अजून वाचवलेलं नाही. माळावर घोडा थांबवून खाली उतरले आणि सहज एका झुडपाजवळ गेले, तर त्याच्या पानांना कीड लागलेली. कडा कुरतडलेल्या, मधे बारीक बारीक भोकं. आम्ही कापसाच्या मुलखातली माणसं, कीड लागलेलं पान आम्हाला दाखवावं लागत नाही. कुठल्या तरी देशात कुणीतरी माणूस दिवसभर बसला आणि त्याने ही भोकं काढली. खेळणाऱ्या लाखांतला एखादाच तिथे वाकून बघणार, हे त्याला ठाऊक असणार, तरी त्याने काढली. मला त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं, खोटं कशाला सांगू.

तिसरा गेम ट्रकचा. त्यात माल भरून परदेशातल्या रस्त्यांवरून गाडी हाकायची, बस्स. पण त्या गेमविषयी सांगायचं तर आधी आबांविषयी सांगावं लागेल.

आबा म्हणजे माझे वडील. त्यांनी तीस वर्षं शहादा ते धडगाव काळीपिवळी चालवली. काळीपिवळी म्हणजे भाड्याची जीप. कागदावर तिच्यात नऊ माणसं बसतात, प्रत्यक्षात मागच्या शिडीवर लटकलेली धरून वीस तरी होतात. म्हसावदच्या पुढे सातपुड्याचा घाट लागतो. तिथली वळणं आबांना स्वतःच्या तळहातासारखी पाठ. आणि तीन वर्षांपूर्वी एका सकाळी त्यांनी ती जीप विकून टाकली. कुणाला विचारलं नाही, सांगितलं नाही. "डोया साथ नही देस," एवढंच म्हणाले. मी त्यांना ओढत डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं, तर डॉक्टर म्हणाले नजर चांगली आहे. तेव्हापासून त्यांनी कुठल्याच गाडीच्या स्टीअरिंगला हात लावला नाही. एका लग्नात मांडवासमोरची कार दोन हात मागे घ्यायची होती, तर हे उठून घरात गेले. दिवसभर ओट्यावर बसायचे. आई म्हणायची, "मानूस घरमा शे, पन घरमा नही." मी रागावून पाहिलं, चिडवून पाहिलं, गोड बोलून पाहिलं. मला माझे वडील परत हवे होते आणि ते कुठे गेलेत हेच कळत नव्हतं.

ट्रकच्या गेमसाठी मी धुळ्याच्या एकाकडून जुनं स्टीअरिंग घेतलं. टेबलाला शिकंज्याने आवळायचं, खाली पायाशी ब्रेक आणि ॲक्सिलेटर. खरंच सांगते, ते मी माझ्यासाठीच घेतलं होतं. त्यातून आबांना खुर्चीत बसवायचं, असले हुशार डाव मला कधी सुचत नाहीत.

पहिल्या रविवारी ते दारात येऊन उभे राहिले. मी एका वळणावरून ट्रक काढला.

"टर्नवर हॉर्न देवाना व्हता," मागून आवाज आला.

"आबा, तठे कोनी हॉर्न देत नही."

"मंग समोरनाले कसं कळी?"

पुढच्या रविवारी ते खाटेवर येऊन बसले. तिसऱ्या रविवारी मी पाणी प्यायला उठले आणि परत आले, तर ते माझ्या खुर्चीवर होते. खुर्चीच्या अर्ध्याच भागावर. काळीपिवळीत ड्रायव्हरच्या उजव्या अंगाला पण एक माणूस बसतो, आणि ड्रायव्हर तीस वर्षं अर्ध्या सीटवर बसून गाडी चालवतो.

"आबा, पूरी खुर्चीवर बठा. पडशात."

"ऱ्हाऊ दे, सवय शे." मग त्यांनी पडद्यावरची केबिन न्याहाळली. "एवढी मोठी गाडी, आन एक बी सीट भरेल नही?"

"मांगे माल शे ना."

"माल शे ते ठीक. पन आठे तीन जन सहज बठतीन."

त्यांनी गिअर टाकला, सवयीने डावीकडून निघाले आणि पहिल्याच मिनिटाला समोरून आलेल्या कारला ठोकलं. तिथे उजवीकडून चालवतात हे मी सांगेपर्यंत त्यांनी त्या कारवाल्याच्या सगळ्या पिढ्या उद्धरल्या होत्या. मी पोट धरून हसले. पण ते उठले नाहीत, ट्रक सरळ केला आणि हळूहळू त्यांचे हात त्या चक्रावर सैल झाले. मला ते हात बघतच राहावंसं वाटत होतं.

तासाभराने रस्ता एका पुलावर चढला. खाली समुद्र, पलीकडे सूर्य उतरत चाललेला, पाण्यावर सगळीकडे तांबूस उजेड. हा पूल मी चार वेळा ओलांडला होता, दर वेळी माल वेळेत पोचवायच्या घाईत. आबांनी वेग कमी केला, इंडिकेटर लावला आणि ट्रक कडेला घेतला. त्यांनी खरा समुद्र कधी पाहिलेला नाही.

"हाई कोन बनाडं?"

"मानसंसनी, आबा. कॉम्प्युटरवर."

"समुद्र बी?"

"समुद्र बी."

त्यांनी पडद्याला हात जोडले. एरवी मी खिजवलं असतं. त्या दिवशी मलाही तो समुद्र पहिल्यांदाच दिसला, आणि आम्ही दोघं सूर्य बुडेपर्यंत बघत बसलो.

मग गावाची वस्ती लागली. एका वळणाशी एक माणूस पिशवी घेऊन उभा होता, हात वर केलेला. गेममध्ये अशी माणसं शोभेपुरती असतात. ती चढत नाहीत, बोलत नाहीत. आबांनी ब्रेक दाबला आणि ट्रक असा लावला की केबिनचा दरवाजा नेमका त्याच्यासमोर यावा. माल उशिरा पोचतोय अशी सूचना पडद्यावर यायला लागली. आबा वाट बघत बसले. पुढे दुसरा दिसला, पुन्हा थांबले. तिसऱ्याला मात्र मी कपाळावर हात मारला.

"आबा, चित्र शे ते. तो बठनार नही."

"हात करेल शे त्यानी. घाटमा हात करेल मानूस सोडाना नही."

त्या रस्त्यावरच्या सगळ्याच काळीपिवळीवाल्यांचा हा नेम होता. संध्याकाळी घाटात उभ्या असलेल्याला मागून दुसरी गाडी मिळेलच असं नाही. जागा असो नसो, शिडीवर का होईना, पण घ्यायचा. मी लहानपणापासून हे ऐकत आले होते, म्हणून चेष्टेने म्हटलं, "जसं काही तुम्ही कधी कोनले सोडंच नही!"

आबांनी स्टीअरिंग सोडलं.

"एकले सोडं," ते म्हणाले.

मग पडद्याकडे बघत त्यांनी सगळं सांगितलं. "तुले दखाले पाव्हना येल व्हतात, त्या दिन. तुना तीन फोन उनात. लवकर या, लवकर या. मी धडगावथीन खाली गाडी लई निंघनू, शिटा भराले बी थांबनू नही. घाटमा एक बाई उभी व्हती. पाठवर लेकरू बांधेल, हातमा गाठोडं. तिनी हात करा. मले वाटनं, थांबनू ते दहा मिनिटं जातीन. नही थांबनू. आरसामा दखं ते ती गाडीमांगे धावी ऱ्हायनी व्हती. मंग वळन उनं."

"मंग?"

"मंग काय. दुसरा दिन सकाळमा गऊ. तठे कोनी नही. महिनाभर पाडासमा इचारं. कोनलेच काही माहीत नही. ती पोचनी का नही, मले आजलोंग माहीत नही."

मी म्हणाले, मिळाली असेल तिला दुसरी गाडी.

"मन्ही गाडी शेवटली व्हती," आबा म्हणाले आणि उठून ओट्यावर गेले.

मला ती संध्याकाळ आठवली. मी साडी नेसून घामाघूम झाले होते आणि पाहुण्यांसमोर आबा नाहीत म्हणून आईवर खेकसत होते. आबा वेळेवर आले, पाहुण्यांशी हसून बोलले, आग्रहाने पोहे वाढले. त्या पाहुण्यांनी पुढे होय नाही काही कळवलं नाही, आणि आता त्यांचे चेहरेही मला आठवत नाहीत. आधी मला त्यांचा राग आला, मग स्वतःचा. त्या तीन फोनांतला एक जरी मी केला नसता तरी ती बाई गाडीत बसली असती. आबांनी तीन वर्षांत हे मला एकदाही ऐकवलं नव्हतं. ते आताही बोलले नसते, मीच चेष्टेने उकरून काढलं.

आठवडाभर मी शोधत होते. ट्रकमध्ये माणसं बसत नाहीत, पण बसचे गेमही असतात आणि त्यात बसतात. एका हौशी माणसाने आपल्या देशातला कुठला तरी डोंगरी रस्ता त्या गेमसाठी बनवून फुकट ठेवला होता. वळणं, दरडी, कडेचे पांढरे दगड, सगळं. तो कोण, का बनवला, देव जाणे. मी तो उतरवून घेतला. याने काही होईल असं मला वाटत नव्हतं. पण हात बांधून बसणं माझ्या स्वभावात नाही.

रविवारी आबा ओट्यावरून उठेनात. मी एवढंच म्हटलं, "हाई गाडीमा मानसं बठतस."

ते आले. पहिल्याच थांब्यावर तीन माणसं उभी होती, त्यातली एक बाई, हातात मोठी पिशवी. आबांनी बस लावली. दार उघडलं आणि ती तिघं खरोखर पायऱ्या चढून आत आली. आबांनी मान वळवून मागे बघितलं. मागे खाट होती आणि भिंतीवरचं कॅलेंडर. मग त्यांनी पडद्यातल्या आरशात पाहिलं. ती बाई खिडकीशी बसलेली होती.

"हाई कोठे उतरनार?"

मी पडद्यावरची प्रवाशांची यादी बघितली. "शेवटला थांबा. वर, डोंगरवर."

त्यांनी बस इतकी जपून चालवली की मागे गाड्यांची रांग लागली. वाटेत बाकीचे चढले, उतरले. आई येऊन माझ्या खांद्यामागे उभी राहिली. शेवटच्या थांब्यावर दार उघडलं आणि ती बाई उतरून घरांच्या दिशेने चालायला लागली.

पुढची फेरी निवडा, असं पडद्यावर आलं. आबा हलले नाहीत. ते बाईकडे बघत होते. मी मात्र घाबरले, कारण हे गेम कसे चालतात ते मला ठाऊक आहे. उतरलेलं माणूस दहा-वीस पावलं चालतं आणि कॉम्प्युटरवरचा भार कमी व्हावा म्हणून गेम त्याला पुसून टाकतो, भर रस्त्यात, उभं माणूस नाहीसं. मी कधी देवाला साकडं घातलेलं नाही, त्या दिवशी घातलं. पाच पावलं झाली. दहा झाली. ती पहिल्या घराच्या कुंपणाशी पोचली, कोपऱ्यावरून वळली आणि भिंतीआड गेली.

"पोची गयी," आबा म्हणाले.

मी हो म्हटलं.

"चित्र शे. मले समजस," ते म्हणाले. "ती बाईनं काय व्हयनं, ते आते बी माहीत नही. आन माहीत बी पडनार नही." त्यांचा आवाज फुटला. माझ्यासमोर ते पहिल्यांदाच रडत होते, दोन्ही हात स्टीअरिंगवर तसेच ठेवून. आईने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मी त्यांना माफ करा म्हणाले, ते त्यांना ऐकू गेलं की नाही मला माहीत नाही.

बऱ्याच वेळाने त्यांनी उपरण्याने तोंड पुसलं आणि पडद्याकडे बोट दाखवून मला विचारलं, "आते खाले जावाले कोन कोन उभं शे, दख बरं."