कदमबाईंचा केसपेपर

बातमी मला कोणी तोंडानं सांगितलीच नाही. सकाळी साडेदहाच्या सुमारास वरच्या वॉर्डातली आया खाली रेकॉर्ड रूममध्ये आली आणि काही न बोलता एक केसपेपर माझ्या टेबलावर ठेवून गेली. पालथा. आमच्या रुग्णालयात केसपेपर पालथाच ठेवतात. ही सवय ज्यांनी आम्हाला लावली त्यांचाच तो कागद आहे, हे मला मागच्या नंबरावरून कळलं. मी तो उलटला नाही. खिडकीशी आठ-दहा माणसं उभी होती, त्यांची कामं उरकली, मग खिडकी लावून घेतली आणि पोटभर रडलो. त्याला आता महिना होत आला. या महिन्यात भेटेल तो मला एकच विचारतो, "शिंदे, कदमबाई कशानं गेल्या हो?" बसथांब्यावर विचारतात, सोसायटीच्या जिन्यात विचारतात, परवा तर एका लग्नाच्या पंगतीत वाढप्यानं भाताचा चमचा हातात धरून विचारलं. विचारणाऱ्यांना तरी काय बोल लावणार? एक तर मी रेकॉर्ड क्लार्क, त्यातून माझी ख्याती तशीच. आमची ही लग्नाच्या पहिल्या वर्षापासून म्हणत आलीय की तुमच्या तोंडात तीळ भिजत नाही.

अ‍ॅडव्होकेट सुमन कदम या आमच्या रुग्णालयाच्या कायदेशीर सल्लागार. मूळच्या कोकणातल्या, वडील शाळेत शिपाई होते, मुलीला वकील करीन म्हणाले आणि केलं. बाई ठाण्याच्या कोर्टात वकिली करायच्या आणि राहायच्या वाशीत, म्हणजे वाशीत इमारतींपेक्षा चिखल जास्त होता तेव्हापासून. आमचं रुग्णालय दिघ्याच्या अलीकडे, कारखान्यांच्या पट्ट्यात, कामगारांसाठी एका ट्रस्टनं काढलेलं. सत्तरच्या दशकातली मधली वर्षं असतील. अपघाताच्या एका दाव्यात कोर्टानं आमचे कागद मागवले, ते शोधायला आमच्या नव्या वकील म्हणून बाई आल्या आणि माझी रेकॉर्ड रूम बघून तिथंच स्टुलावर बसल्या. मला वाटलं, थकल्या. छे! त्या बघत होत्या.

काय बघितलं त्यांनी? आज सांगायलाही लाज वाटते. खिडकीतून मी ओरडत होतो, "अमुक खात्याचे पेशंट इकडं, तमुक दुखण्याचे तिकडं!" सगळ्या व्हरांड्याला कळायचं कोणाला काय झालंय. काही आजारांच्या केसपेपरवर कोपऱ्यात लाल पेन्सिलीची ठसठशीत रेघ असायची, म्हणजे लांबून ओळखावं. आणि कारखान्यांचे पर्सोनेलवाले, म्हणजे कामगारांची भरती बघणारे साहेब आले की आम्ही चहा आणि केसपेपर दोन्ही पुढं करायचो. तेही बिस्कीट बुडवत बुडवत आपल्या कामगारांची दुखणी वाचायचे. कोणाच्या मनात काही वाईट नव्हतं हो, पाहुणचाराचाच भाग होता तो. बाईंनी हे सगळं तासभर पाहिलं आणि मग माझ्या हातातला एक कागद बोटानं दाखवून विचारलं, "शिंदे, हा कागद कोणाचा?"

"रुग्णालयाचा, बाई."

"कागद रुग्णालयाचा. त्यावर लिहिलंय ते कोणाचं?"

मी म्हणालो, असं काही कायद्यात आहे का? त्यावर त्या म्हणाल्या, "फारसं नाही. म्हणून तर आपल्याला लिहावं लागणार." आणि खरोखरच माझ्याच टेबलावर, माझंच पेन घेऊन, त्यांनी एक पान लिहून काढलं. नावानं नाही, नंबरानं हाक मारायची. लाल रेघ बंद. सुट्टीच्या दाखल्यावर दुखण्याचं नाव नको, कामाला योग्य की अयोग्य एवढंच. टेबलावरचा कागद पालथा. आणि एक रजिस्टर... कपाटातून केसपेपर कोणी काढला, कशासाठी, आणि पेशंटची परवानगी आहे का, असे तीन रकाने. ते पान आमच्या मोठ्या डॉक्टरांनी हसत हसत मंजूर केलं. त्यांना वाटलं, नव्या वकीलबाई आहेत, दोन महिन्यांत दमतील.

बाई दमल्या नाहीत. दर मंगळवारी अकरा वाजता यायच्या, रजिस्टर तपासायच्या आणि जाता जाता सहज आवाजात मला विचारायच्या, "काय शिंदे, आमच्या शेजारच्या कुलकर्णीबाई आल्या होत्या म्हणे तुमच्याकडं?" पहिल्यांदा मी भाबडेपणानं सांगून टाकलं, "हो, शुक्रवारी आल्या होत्या की!" बाईंनी माझ्याकडं असं पाहिलं की मला शाळेत धरलेले अंगठे आठवले. पुढं मी शिकलो. "कोण कुलकर्णीबाई? आमच्याकडं कोणीच येत नाही." मग त्या खुशीत हसायच्या आणि पर्समधून एक आवळासुपारीची पुडी काढून माझ्यापुढं ठेवायच्या. हा आमचा दर मंगळवारचा खेळ. नाव दर वेळी बदलायचं, उत्तर तेच. मला वाटायला लागलं, आपण आता पक्के झालो. तोंडाला कुलूप लागलं.

कुलूप कसलं लागतंय... आता जी गोष्ट लिहितोय ती लिहायची परवानगी मी त्या माणसाकडून घेतली आहे. नाव बदल म्हणाला आणि दुखण्याचं नाव नको म्हणाला. तर त्याला लक्ष्मण म्हणू. मराठवाड्यातून आलेला, दिघ्याच्या वस्तीत एका खोलीत बायको, आई, दोन लेकरं. एका रसायनाच्या कारखान्यात टेम्पररी. आमच्याकडं त्यानं दीड वर्ष औषध घेतलं, एक तारीख चुकवली नाही, आणि पूर्ण बरा झाला. त्याच सुमारास त्याला पर्मनंट करायचं घाटत होतं. आमच्या सोसायटीत एकांकडं सत्यनारायण होता. तिथं त्याच कारखान्याचे पर्सोनेलचे साहेब माझ्या शेजारी बसले. बोलता बोलता म्हणाले, यंदा चार जणांना पर्मनंट करतोय, आणि लक्ष्मणचं नाव घेतलं. माझा ऊर भरून आला हो! शिऱ्याचा द्रोण हातात धरून मी म्हणालो, "साहेब, हिरा आहे तो. आमच्याकडं दीड वर्ष औषध घेतलं, एक दिवस खाडा नाही. आता ठणठणीत आहे बघा." साहेब म्हणाले, "असं का?" आणि शिरा खाल्ला.

त्या महिन्यात तीनच जण पर्मनंट झाले. लक्ष्मणला सांगितलं, काम कमी आहे, पुढच्या महिन्यापासून येऊ नकोस.

आपल्या औषधाची गोष्ट कारखान्यात फिरतेय हे त्याच्या कानावर आलं, तसा तो थेट कदमबाईंना भेटला. मंगळवारची वाट न बघता बाई दुसऱ्या दिवशी आल्या, रजिस्टर उघडलं, त्याच्या नंबराचं पान काढलं. कोणी काढला नव्हता केसपेपर. कपाटात जागच्या जागी होता. बाई पुन्हा त्या स्टुलावर बसल्या. "कागद तर हलला नाही, शिंदे. मग बोललं कोण?" त्यांनी माझ्याकडं बघून विचारलं नाही, कपाटाकडं बघून विचारलं. माझी पाचावर धारण बसली. मी म्हणालो, बघतो, चौकशी करतो. चौकशी! चोरानंच फिर्याद लिहून घ्यावी तसलं ते. दोन दिवस अन्न गोड लागेना. घरात दोन लहान मुली, नोकरी गेली तर साताऱ्याला परत जाऊन करायचं काय, हाच विचार डोक्यात. शेवटी तिसऱ्या दिवशी बाईंच्या दारात जाऊन उभा राहिलो आणि सगळं सांगितलं, शिऱ्यासकट.

बाई चिडतील असं वाटलं होतं. त्यांनी पाणी दिलं. म्हणाल्या, "तुम्ही खोटं बोललात का?"

"नाही बाई. चांगलंच बोललो."

"तेच तर. त्याचं चांगलंसुद्धा तुमचं नव्हतं, शिंदे. ते कोणाला सांगायचं, कधी सांगायचं, ते त्यानं ठरवायचं होतं." मग म्हणाल्या, "आणि हे मला कशाला सांगताय? दिघ्याला जा."

गेलो. लक्ष्मणच्या दारात उभा राहून मी तोंड उघडणार, तोच त्यानं माझा दंड धरला आणि मला नळाच्या पलीकडं नेलं. "हळू बोला सायेब. घरात म्हातारीला ठावं न्हाई अजून." बघा, माफी मागायला गेलो तेव्हाही मी तीच चूक करणार होतो! खाली मान घालून सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तुमी मला शिव्या घातल्या असत्या ना, तर लोकं इसरले असते. तारीफ केली, ती ध्यानात ऱ्हायली." आयुष्यात मला पुष्कळांनी पुष्कळ बोलून घेतलं असेल, पण त्या वाक्याइतकं काही लागलं नाही. आजही लागतं.

बाईंची खरी लढाई त्यानंतर झाली, आणि तीही आमच्याशीच. ट्रस्टच्या बैठकीत त्यांनी सांगितलं की चूक रुग्णालयाची आहे, तसं कारखान्याला लेखी कळवा. मोठे विश्वस्त, त्यांना सगळे दादासाहेब म्हणत, ते भडकले. मी दाराबाहेर उभा होतो, मला स्वच्छ ऐकू येत होतं. "बाई, तुम्ही वकील आमच्या का त्या कामगाराच्या?" बाईंचा आवाज चढला नाही. "तुमचीच आहे, म्हणून सांगतेय. लोक इथं येऊन कपडे काढतात, जे नवऱ्याला-बायकोला सांगत नाहीत ते सांगतात, ते कशाच्या भरवशावर? तो भरवसा गेला तर हे रुग्णालय म्हणजे नुसती इमारत उरेल." मग माझा विषय निघाला. त्या क्लार्कला आजच्या आज काढून टाका, दादासाहेब म्हणाले. मी डोळे मिटले. आणि बाई म्हणाल्या, "त्यानं स्वतः येऊन कबूल केलंय. त्याला काढलंत तर पुढचा माणूस चूक करील आणि लपवील. काढायचंच असेल तर मलाही काढा."

पत्र गेलं. त्यात लिहिलं होतं की या माणसाबद्दल आमच्याकडून जे कळलं ते सांगायचा आम्हाला अधिकार नव्हता, ते विचारात घेऊ नये, आणि तो कामाला योग्य आहे. बाई कारखान्याच्या फाटकात किती वेळा जाऊन बसल्या याची गणतीच नाही. पर्सोनेलचे साहेब टाळायचे, बाई डबा घेऊन जायच्या आणि गेटवरच्या वॉचमनच्या बाकावर बसून खायच्या. वॉचमनच शेवटी कंटाळून आत जाऊन सांगायचा, त्या आल्यात पुन्हा. सात महिने लागले. लक्ष्मण पर्मनंट झाला त्या दिवशी बाईंनी मला विशेष काही सांगितलं नाही. फक्त मंगळवारी जाताना म्हणाल्या, "काय शिंदे, दिघ्याचा तो लक्ष्मण यायचा म्हणे तुमच्याकडं?" मी म्हणालो, "कोण लक्ष्मण?..." आणि पुढचं बोलता आलं नाही. आवळासुपारी मात्र मिळाली.

पुढं बेलापूरला सरकारी कचेऱ्या आल्या, बाईंनीही तिथं एक छोटी खोली घेतली. वसाहती वाढल्या तशी गल्लोगल्ली नर्सिंग होम निघाली, आणि डॉक्टर लोक बाईंकडून ते पान लिहून घेऊन जायला लागले. तेच पान, थोडंफार बदलून. नवे क्लार्क त्या माझ्याकडं शिकायला पाठवायच्या. मी म्हणायचो, "बाई, मला काय येतंय?" तर म्हणायच्या, "तुम्हाला चुकायचं कसं ते येतं. ते पुस्तकात नसतं." असं लागट बोलून पुन्हा हसायच्या. कोर्टात त्यांचं मोठं नाव झालं असंही नाही. त्यांचं काम असं की नीट झालं तर बाहेर कोणाला काही कळूच नये. लग्न केलं नाही, घरी भाऊ-भावजय. फार बोलायच्या नाहीत. मी बोलायचो, त्या ऐकायच्या, आणि एवढं ऐकून त्यातलं एक अक्षर कधी बाहेर गेलं नाही.

यंदा त्या आल्या त्या मंगळवारी आल्या नाहीत. गुरुवारी आल्या, आणि खिडकीच्या बाहेरच्या बाजूला उभ्या राहिल्या. नंबर घेतला. मी उठायला लागलो तर हातानंच बसा म्हणाल्या. मग त्या वर वॉर्डातच राहिल्या, सतरा दिवस. मी रोज डबा खाल्ला की वर जायचो. एक दिवस बऱ्यापैकी तरतरी होती, उशीला टेकून बसल्या होत्या. माझ्याकडं बघून अगदी त्या जुन्या सहज आवाजात म्हणाल्या, "काय शिंदे, आमच्या त्या कदमबाई आल्या होत्या म्हणे तुमच्याकडं?"

मी म्हणालो, "कोण कदमबाई? आमच्याकडं कोणीच येत नाही."

किती हसल्या! भावजयीला कळेना काय झालं. हसता हसता उशीखाली हात घालून पुडी शोधायला लागल्या. नव्हती पुडी.

मागच्या आठवड्यात दादासाहेब आले होते. आता फार थकलेत, काठी टेकत येतात. शोकसभेत तेच सगळ्यांत जास्त रडले होते. रेकॉर्ड रूममध्ये येऊन स्टुलावर बसले आणि म्हणाले, "शिंदे, एकदा बघू दे रे बाईंचा कागद. झालं काय होतं तिला, आम्हाला आधी कळलं असतं तर काही करता आलं असतं का, एवढंच बघायचंय." खोटं नव्हतं त्यात काही. मायेनंच विचारत होते. मी रजिस्टर काढलं, त्यांच्यापुढं ठेवलं आणि पेन दिलं. त्यांनी नाव लिहिलं नाही. तीन रकान्यांवरून बोट फिरवत गेले आणि तिसऱ्यापाशी थांबले. "पेशंटची परवानगी..." असं वाचून म्हणाले, "ती आता कुठून आणू?"   मग त्यांनी पेनाला टोपण लावलं, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि काठी टेकत गेले.

कदमबाई कशानं गेल्या, ते मला माहीत आहे; सतरा दिवस रोज वर जात होतो. आमच्या हिनंही विचारलं, तिलासुद्धा सांगितलेलं नाही. केसपेपर बंद कपाटात ठेवलाय, खालून दुसऱ्या फळीवर, पालथा. रजिस्टरात त्यांच्या नंबराचं पान मी स्वतः आखलं. तीनही रकाने कोरे आहेत. मंगळवारी अकरा वाजता ते पान एकदा उघडून बघतो, आणि मिटून ठेवतो.