तुटवडा : निल

मी फ्रिज उघडला. सापाच्या लसीच्या दोनच कुप्या होत्या. आतून डॉक्टर मॅडम ओरडत होत्या, "दहा आणा, दहा!"

मी तेव्हा भूम तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्रात फार्मासिस्ट होतो. लोकांच्या भाषेत कंपौंडर. खाटेवर वनिता होती, तिशीसुद्धा न गाठलेली. सोयाबीन खुरपताना तिच्या हाताला नाग डसला होता. अशा वेळी पहिल्याच डोसाला दहा कुप्या लागतात. तिला जीपमधून घेऊन आलेले सासरे, महादूआबा, दारात उभे होते.

"कंपौंडर, सुई हाय का न्हाय?"

"दोनच आहेत, आबा. बाकीच्या धाराशिवला मिळतील."

"दोनच? इथं साप काय नवा हाय व्हय?"

दोन्ही कुप्या दिल्या आणि तिला अँब्युलन्समध्ये घातलं. वाट तासाभराच्या वरची होती.

आता खरं सांगतो. लस संपत आलीय हे मला तीन आठवडे माहीत होतं. दर महिन्याला साठ्याचा रिपोर्ट जातो. त्यात 'तुटवडा' असा रकाना असतो आणि तिथं आम्ही सगळे 'निल' लिहायचो. इंग्रजी शब्द, अर्थ 'काही नाही'. एकदा मी खरं लिहिलं, तर मीटिंगमध्ये तालुक्याच्या साहेबांनी उभं केलं. "सगळ्यांचं निल आहे. तुम्हालाच कशी पुरत नाहीत औषधं? विकता की काय?" सगळे हसले. त्यानंतर मी शहाणा झालो. मागच्या महिन्याचा रिपोर्ट काढायचा, तारीख बदलायची, सही ठोकायची. कमी पडलंच तर शेजारच्या केंद्रातून उसनं आणायचं. त्या दिवशी शेजारी फोन केला, तर त्यांचाही फ्रिज रिकामा. रिपोर्टात त्यांचंही निलच होतं.

दुपारी फोन आला. वनिता जिल्ह्याच्या दवाखान्यात पोचली आणि दारातच गेली.

चौकशीला साहेब आले. माझाच कागद माझ्यापुढं धरला. "तुटवडा निल. सही तुमची. मग आम्ही लस कशाला पाठवायची?"

"साहेब, मीटिंगमध्ये तुम्हीच..."

"लेखी आहे का काही?"

नव्हतं. मला मेमो मिळाला. आठवड्याभरात फ्रिज भरला, तेव्हा मला त्या कुप्यांकडं बघवेना.

महिनाअखेरीला पुन्हा रिपोर्ट पाठवायची वेळ आली. 'सर्पदंशाने मृत्यू' हा रकाना मी कोरा ठेवून पाठवला. साहेबांचा फोन आला. "ती जिल्ह्यात गेली ना? मग नोंद त्यांच्याकडं. तुमचं निल."

नियमानं ते बरोबरच होतं. मी लिहिलं. आबांच्या घरातलं माणूस गेलं होतं आणि माझ्या कागदावर काहीच झालं नव्हतं. त्याची लाज अजून गेलेली नाही.

आता मी निवृत्त आहे. नवे फार्मासिस्ट कधी विचारतात, "सर, तुटवड्याचा रकाना कसा भरायचा?"

"आधी फ्रिज उघडायचा," मी सांगतो.

ते हसतात आणि मागच्या महिन्याचा रिपोर्ट मागवतात.