मनीषाचं राज्य

फोन आला तेव्हा मी दहावीच्या वर्गावर होतो. पठाणसरांचं नाव दिसलं म्हणून बाहेर व्हरांड्यात आलो, कारण सर शाळेच्या वेळेत कधी फोन करत नाहीत. "सत्या, मनीषा गेली रे," एवढंच ते म्हणाले. मला वाटलं, पुण्याच्या कुठल्या डेअरीत तिच्या नोकरीचं चाललं होतं, तिकडं गेली असेल. "कदी गेली?" असं मी हसत विचारलंसुद्धा. तेव्हा सर म्हणाले, "दूध केंद्रात गॅस सुटला. तू निघ आता." बीडहून चौसाळ्याकडं जाताना रस्त्यावर टँकरच टँकर होते. एकेका टँकरमागं गाडी रेंगाळायची आणि मी विनाकारण हॉर्न वाजवत होतो. तेव्हापासून जो राग डोक्यात बसलाय, तो आज इतके आठवडे उलटले तरी उतरलेला नाही. हा लेख त्या रागातच लिहितोय. वाचकांनी तो गोड मानून घ्यावा, असं मी म्हणणार नाही.

शोकसभा झाली. केंद्राच्या आवारात मांडव टाकला होता. फ्लेक्सवर मनीषाचा फोटो होता आणि त्याहून मोठा फोटो संस्थेचे चेअरमन विक्रमभैय्या यांचा होता, हात जोडलेला. भैय्या माइकसमोर उभे राहिले, डोळे पुसले आणि म्हणाले, "मनीषाताई रणरागिणी होती. संस्थेसाठी तिनं प्राण अर्पण केला." लोकांनी माना हलवल्या. माझ्या शेजारी पठाणसर बसले होते. त्यांनी माझा हात घट्ट धरून ठेवला होता, मी उठेन या भीतीनं. अर्पण केला म्हणे! ती काय नवस फेडायला गेली होती आत? मनीषाला जगायचं होतं. तिला नवा लॅपटॉप घ्यायचा होता, आईच्या गुडघ्यांचं बघायचं होतं, आणि मरणं तर तिला खेळातसुद्धा मंजूर नव्हतं.

हे खेळाचं सांगायला हवं, कारण मनीषा मला तिथंच भेटली. आम्ही कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होतो. चौसाळ्यात हायवेलगत, खताच्या दुकानाच्या वर पठाणसरांचा कॉम्प्युटर क्लास होता. दिवसभर टायपिंग आणि हिशेबाचे कोर्स चालायचे आणि संध्याकाळी बॅच सुटल्या की सर सगळी मशीनं एकमेकांना वायरनं जोडून द्यायचे. मग त्यांवरच्या खेळात आमची जुनी साम्राज्यं उभी राहायची. कुणी रोम घ्यायचा, कुणी मिसर, कुणी चीन. आधी माणसं लाकूड तोडणार, शेती करणार, दगड फोडणार, मग कोट बांधायचे, घोडदळ उभं करायचं आणि शेजाऱ्यावर तुटून पडायचं. खरं तर समोरच्याच बाकावर बसलेला मित्र, पण पडद्यावर तो दुसऱ्या साम्राज्याचा धनी. आरडाओरडा एवढा व्हायचा की खालचा दुकानदार काठीनं छत ठोकायचा.

त्या पोरांच्या गोंगाटात मनीषा एकदा येऊन उभी राहिली. बुद्धविहाराच्या मागं तिचं घर. वडील लहानपणीच गेलेले, आई कमलमावशी शाळेत खिचडी शिजवायची. सरांच्या क्लासात मनीषा नव्या पोरांना शिकवून आपली फी भागवायची. "मला एक मशीन द्या, सर," ती म्हणाली. विक्रम तेव्हा आमच्यातलाच होता. त्याचे वडील दूध संस्थेचे चेअरमन, बुलेटवर यायचा. तो म्हणाला, "हा भांडीकुंडीचा खेळ न्हाई, मने. राज्य चालवायचं असतंय." मनीषानं त्याच्याकडं बघितलंही नाही. इराणचं साम्राज्य घेतलं आणि बसली.

ती वेगळंच खेळायची. आम्ही सगळे लवकरात लवकर तलवारीकडं धावायचो, ही मात्र शेतं वाढवत बसायची. त्या खेळात एक घंटा होती. शत्रू आला की ती वाजवायची, म्हणजे शेतातली, खाणीतली सगळी माणसं पळत कोटात जायची. आम्ही कुणी ती वाजवत नसू, कारण काम थांबतं. मनीषा मात्र क्षितिजावर एखादा घोडेस्वार दिसला तरी वाजवायची आणि तोंडानं ओरडायची, "पळा रे, आत पळा!" पोरं हसून लोळायची. मी तिला म्हणालो होतो, "कावून एवढी घाबरतीस? नुसते शेतकरी हायेत ते. मेले तर दुसरे करता येतेत." ती म्हणाली, "तुला करता येतेत. त्यांना दुसरं होता येतंय का?" मला तेव्हा ते बोलणं येडपटपणाचं वाटलं होतं.

एक डाव मला लख्ख आठवतो. विक्रमचा रोम आणि तिचा इराण, एवढेच उरले होते. विक्रमनं आपले सगळे शेतकरी लढाईत लोटले. हातात कोयते घेतलेली ती माणसं तिच्या तटाखाली पटापटा पडत होती आणि विक्रम ओरडत होता, "मरू दे, मरू दे, मागून हत्ती येतेत!" हत्ती आलेच नाहीत. ते करायला धान्य लागतं आणि शेतात माणूसच उरला नव्हता. मनीषानं कोटाचं दार उघडलं आणि तिचे घोडेस्वार सावकाश रोमच्या रिकाम्या शेतांतून चालत निघाले. आम्ही सगळे तिच्या खुर्चीमागं जमलो. तेवढ्यात विक्रम उठला, भिंतीजवळ गेला आणि त्यानं मशीनं जोडणारी वायरच उपटली. सगळ्यांचे पडदे थिजले. "लाइनमदी प्रॉब्लेम हाय बे," तो म्हणाला आणि बुलेट काढून निघून गेला. मनीषा हसली फक्त. मला राग आला होता, पण सतरा-अठरा वर्षांच्या पोराचा राग तो, चहाबरोबर विरघळला.

पुढं मनीषा दुग्धशास्त्र शिकली आणि गावाजवळच्या दूध शीतकरण केंद्रात पर्यवेक्षक म्हणून लागली. विक्रम वडिलांच्या जागी चेअरमन झाला. बिनविरोध. मग दुष्काळाची वर्षं आली. गुरं छावणीत गेली, दूध आटलं. केंद्र कधी चालू, कधी बंद. दूध थंड करायला तिथं अमोनिया वापरतात. तो पाइपातून फिरत असतो तोवर ठीक, पण बाहेर पडला की डोळे आणि छाती जाळतो. यंत्रं बंद-चालू करून व्हॉल्व्ह सैल झाले होते. दुरुस्तीचं नाव काढलं की भैय्या म्हणायचे, "पाऊस पडू दे, दूध वाढू दे, मग बघू."

गेल्या उन्हाळ्यात मी गावाकडं गेलतो तेव्हा हायवेच्या हॉटेलात आम्ही चहाला बसलो. ती वैतागलेली होती. "भैय्यानं भोंग्याची वायर काढायला लावली," ती म्हणाली. मी विचारलं, कावून? "बारीक गळती झाली तरी वाजतो ना. दूध घालायला आलेले लोक घाबरतेत, दुसऱ्या संस्थेकडं जातेत. बदनामी होती म्हणं."

"मंग तू काय म्हणलीस?"

"म्हणलं, भैय्या, भोंगा घाबरवायलाच असतोय."

आणि पाण्याचं तर विचारूच नका. अमोनिया सुटला तर पाण्याचा फवारा मारतात, तो पाण्यात विरतो. त्यासाठी केंद्रात टाकी आहे. दुष्काळात केंद्रासाठी मंजूर झालेला टँकर केंद्राच्या फाटकावरून पुढं जायचा आणि भैय्यांच्या मोसंबीच्या बागेत रिकामा व्हायचा. हे अख्ख्या गावाला माहीत होतं. मांडवात माना हलवणाऱ्या प्रत्येकाला माहीत होतं! मी तिला म्हणालो, सोड ही नोकरी, पुण्याला जा. तिनं कप खाली ठेवला. "जाणार हाय. पण व्हॉल्व्ह बदलून घेते आधी. त्या कॅन धुणाऱ्या बाया रोज आत जातेत, सत्या." मला तिचाही राग येतो कधी कधी... आणि तो राग सगळ्यात जास्त छळतो.

त्या सकाळी काय झालं ते दिगंबरनं मला सांगितलं. दिगंबर केंद्राचा फिटर, कोवळ्या लेकरांचा बाप. पाइप फुटला तेव्हा मनीषा बाहेरच्या खोलीत दुधाचं फॅट तपासत होती. दार उघडंच होतं, ती सरळ फाटकाबाहेर जाऊ शकली असती. आत बायांना काही कळलं नव्हतं, कॅनच्या आवाजात कळणार तरी कसं? तिनं पाण्याचा पाइप सोडला, त्यातून हवा आली. मग तिनं ओढणी दुधाच्या कॅनमध्ये बुडवली, तोंडाला गुंडाळली आणि ओरडत आत गेली. बाया बाहेर पडल्या. दिगंबर यंत्राजवळ कोसळला होता, त्याला तिनं ओढत दारापर्यंत आणलं. "ताईनं मला भायेर ढकललं," दिगंबर म्हणाला, "अन् मंग ताईच न्हाई दिसली." बोलताना तो माझ्याकडं बघत नव्हता.

बीडला चौकशी लागली. आदल्या दिवशी मी कमलमावशीकडं गेलो. मनीषाच्या खोलीत तिचा जुना लॅपटॉप तसाच होता. मावशी म्हणाली, "ती काय खेळायची ते मला दाव." मी लावलं. शेतं उगवली, माणसं लाकूड तोडायला लागली. मावशी चष्मा सावरून बघत राहिली. मग म्हणाली, "ह्यात राजा कोणता?"

"राजा दिसत न्हाई, मावशी. खेळणारा भायेर बसलेला असतो. आत दिसतेत ती नुसती कामाची माणसं."

मावशी उठली. "उद्या बीडला मी येते."

"तुमाला लई वेळ बसावं लागंल."

"बसते. त्याच्या म्होरंच बसते."

आणि तशीच बसली. चौकशी करणाऱ्या साहेबांच्या दालनात भैय्यांच्या समोरची खुर्ची तिनं ओढून घेतली. भैय्यांच्या वकिलानं हरकत घेतली तर म्हणाली, "मनीषाची माय हाय मी," आणि हलली नाही. भैय्या म्हणाले, भोंगा चालू होता, ताईंनी घाईत ऐकला नसेल. नंतर दिगंबरला बोलावलं. तो भैय्यांच्या गाडीतून आला होता, इस्त्रीचा शर्ट घालून. काय बोलायचं ते त्याला शिकवलेलं दिसत होतं. त्यानं तोंड उघडलं आणि मावशीकडं त्याची नजर गेली. मावशी त्याच्याकडंच बघत होती.

"भोंगा बंद होता, साहेब," तो म्हणाला. "भैय्यानं सांगितलं म्हणून मीच वायर काढलती. ताई माझ्यासंगं भांडल्या होत्या त्याच्यावरून."

भैय्या ताडकन उठले. साहेबांनी त्यांना खाली बसायला सांगितलं आणि दिगंबरचं म्हणणं लिहून घेतलं. पुढं काय होईल मला माहीत नाही. भैय्यांचे हात वरपर्यंत आहेत आणि आपल्याकडच्या चौकशा कशा चालतात हेही मी जाणतो. पण ते वाक्य आता पुसता येणार नाही.

बाहेर पायऱ्यांवर दिगंबर एकटाच बसला होता. भैय्यांची गाडी त्याला न घेता निघून गेली होती. मी त्याच्या अंगावर धावून जाणार होतो. जिनं तुला ओढून बाहेर काढलं, तिचा भोंगा तूच बंद केलास! मावशीनं मला दंडाला धरून बाजूला सारलं आणि त्याला विचारलं, "जेवलास का?"

आम्ही त्याला सोबत घेऊन आलो. पुढच्या घरात शेजारणी बसल्या होत्या, म्हणून मावशीनं त्याचं ताट मनीषाच्या खोलीत वाढलं. तिथं बसायला एकच खुर्ची आहे, लॅपटॉपसमोरची, तिची. त्या दिवसापासून खुर्चीवर कुणीही बसलं नव्हतं, मीसुद्धा नाही. "बस," मावशी म्हणाली. दिगंबर काठावर टेकला आणि रडत रडत जेवायला लागला. मावशी त्याला भाकरी वाढत होती. मला ती आत बोलावत होती, माझंही ताट घेतलं होतं तिनं.

मी दारातच उभा राहिलो. मला नाही जमलं.