बावा खोटं बोलत नाही

रमिलाबाईच्या कोंबड्या आणि तिचं तोंड, दोन्ही कायम मोकळी सुटलेली. नवरा ऊसतोडीला गुजरातेत गेला तो साप चावून तिकडेच संपला. दोन पोरी तिने एकटीने वाढवल्या, उजवल्या, आणि वर गावची पोलीस पाटील झाली. "बाईमाणूस काय भांडणं सोडवणार?" म्हणणारे गडी आता बायकोशी वाजलं की तिच्याच ओट्यावर येऊन बसतात. मागच्या पावसाळ्यात तिचा काळा कोंबडा कोणीतरी लांबवला, तेव्हा बाईने दारात उभं राहून अख्ख्या पाड्याचा उद्धार केला होता. चोर काही सापडला नाही.

होळीच्या दिवशी दुपार कलताना तिला बोलावणं आलं. काठी गावच्या नावाजलेल्या होळीएवढी मोठी नसली, तरी आमच्या डोंगरातली ही होळी आजूबाजूच्या पाड्यांना ओढून आणते. यंदा सरकारने वाटेवर नवा कॅमेरा बसवला होता. तो म्हणे येणाऱ्याचं तोंड बघतो, फरारी लोकांच्या फोटोंशी जुळवतो आणि जुळलं की लाल दिवा लावतो. माणसाला काही विचारायची गरजच नाही!

त्या कॅमेऱ्याने दलपतला धरलं होतं.

दलपत होळीत नाचणाऱ्या इतर गड्यांसारखा बावा बनून आलेला. अंगभर राख, तिच्यावर तांदळाच्या पिठाचे पांढरे ठिपके, कमरेला घुंगरू आणि वाळके भोपळे. त्याची धाकटी पोर तापातून मरता मरता वाचली, तिच्यासाठी ही मानता, म्हणजे नवस. होळीचा विस्तव विझेपर्यंत बावाने अंगाला पाणी लावायचं नाही, खाटेवर बसायचं नाही, खोटं बोलायचं नाही. यातलं एक जरी मोडलं तर मानता फुकट आणि पोरीचं काही खरं नाही, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक.

फौजदार नवा होता, देशावरचा. "घरफोडीतला आरोपी आहे, पाटीलबाई. गुजरातेतली केस."

"कोण सांगतं?"

"सिस्टीम."

हवालदार भावेश कॅमेऱ्याशेजारी घाम पुसत होता. "साहेब, लाल दिवाच दखाडी ऱ्हायनं."

"तोंड धुऊ दे त्याला, परत बघू. नाहीतर गाडीत घालतो."

भावेशने बादली पुढे सरकवली. दलपत मागे सरकला. ढोल थांबला, आणि मागचे सगळे बावे पुढे येऊन उभे राहिले. कोणाचा एक दगड सुटला असता, तर त्या वाटेवर कोण वाचलं असतं देव जाणे.

"साहेब," रमिलाबाई मध्ये शिरली, "या राखेत मला त्याचं नाक सापडेना, तुमच्या मशीनला कसं सापडलं?"

"मला विचारू नका. वरून आलंय."

"मग वर विचारा."

त्याने फोन लावला. वरचे म्हणाले, मशीन फक्त सुचवतं, निर्णय तुमचा. फौजदाराचं तोंड उतरलं. मशीन म्हणतं मी नाही, वरचे म्हणतात आम्ही नाही, आणि अडकला कोण? दलपत!

"कोणी लेखी ओळख दिली तर सोडतो," फौजदार शेवटी म्हणाला. "पण उद्या हाच चोर निघाला, तर जबाबदारी त्या माणसाची."

सगळ्यांच्या नजरा रमिलाबाईकडे वळल्या. खरं सांगायचं तर तिला काहीच माहीत नव्हतं. दलपत अर्धं वर्ष गुजरातेत असतो, तिथे काय करतो कोणी पाहिलंय? सही चुकली तर पाटीलकी जाणार, आणि गावातला शब्दही.

ती दलपतच्या अगदी जवळ गेली. "तू मानतेत आहेस. आजवर केलेली एकूण एक चोरी सांग. साहेबांना कळेल अशी, मराठीत."

"घरफोडी नाही केली, काकी."

"एवढंच?"

दलपत मान खाली घालून म्हणाला, "एक केली."

फौजदार झटकन पुढे झाला.

"तुझा काळा कोंबडा. पोर आजारी होती, तिला रस्सा पाजायचा होता."

"मेल्या!" रमिलाबाई कडाडली. "सगळा पाडा शिव्या खात होता आणि तू ऐकत बसलास? मागितला असतास तर मी नाही म्हटलं असतं?" आणि बोलता बोलता तिचे डोळे भरून आले.

"चोरी कबूल केली की त्याने," फौजदार म्हणाला.

"कोंबडा माझा, आणि माझी तक्रार नाही. पोलिसांसमोर ज्याला कोंबडा लपवता आला नाही, तो घरफोडी लपवणार? आणा कागद!"

तिने कागदावर सही केली. नोंदीसाठी कॅमेऱ्याने तिचाही फोटो घेतला.

पहाटे होळी पेटायच्या वेळी रमिलाबाई त्याच वाटेने आली, आणि दिवा लाल झाला. भावेशने पडद्यावरचं वाचलं आणि चाचरत सांगितलं, "साथीदार." कालचा तिचा फोटो त्या घरफोडीच्या केसला जाऊन चिकटला होता.

फौजदार ओशाळला. "मी ओळखतो हो तुम्हाला, पण लेखी ओळख..."

"ओळखता ना? मग करा सही."

त्याने खिशातलं पेन चाचपलं, आणि हात तसाच रिकामा बाहेर काढला.

होळीकडे चाललेल्या बाव्यांतून एकजण मागे फिरला. घुंगरू वाजवत तो थेट फौजदाराच्या टेबलापाशी आला.

"मी देतो ओळख," दलपत म्हणाला. "ही आमची पोलीस पाटील. हिचा कोंबडा मी खाल्लाय." आणि कोणी हो-नाही म्हणायच्या आत त्याने आपला राखेने माखलेला अंगठा टेबलावरच्या कोऱ्या कागदावर दाबला.