हैबतरावांचा देखणा रेडिओ

रोह्याहून धाटावला जाणाऱ्या रस्त्याला लागून हैबतरावांचं घर. घराला पडवी, पडवीत एक मोठं टेबल, आणि त्या टेबलावर एकतीस वर्षं एक रेडिओ मानानं बसलेला. त्याच्या शेजारी हैबतराव खुर्ची टाकून बसत, तेही रस्त्याकडे तोंड करून. येणाऱ्याजाणाऱ्याला आधी रेडिओ दिसावा आणि लगोलग हैबतराव, अशी ती मांडणी होती.

रेडिओ चौसष्ट सालचा. चकचकीत लाकडाची पेटी, पुढे सोनेरी धाग्याचं कापड, काचेवर देशोदेशीच्या शहरांची नावं आणि कोपऱ्यात एक हिरवा डोळा. स्टेशन नीट लागलं की तो डोळा बारीक होई. हैबतराव दर रविवारी पेटीला खोबरेल चोळत आणि पितळी पट्टी चिंचेनं घासत. स्वतःच्या डोक्याला त्यांनी इतकं तेल कधी लावलं नसेल. संध्याकाळी आळीतली पाचपंचवीस माणसं पडवीत जमत. हैबतराव बातम्या लावत आणि त्यांच्यावर आवाज चढवून स्वतः बोलत. काडीनं काचेवरची शहरं दाखवत, "ह्या लंडन, ह्या कोलंबो." एकतीस वर्षांत लंडन एकदाही लागलं नव्हतं, पण त्याची कुणी तक्रार केली नाही. लोकांना ते म्हणत, "या की आमचा रेडिओ बघायला." ऐकायला या, असं त्यांच्या तोंडून कधीच निघालं नाही, कारण ते त्यांना सुचलंच नव्हतं.

ऐकणारी होती ती त्यांची बायको, बायजाबाई. दुपारी एकला हैबतराव जेवून घोरू लागले की ती तांदळाचं सूप घेऊन रेडिओपाशी बसे आणि बायकांचा कार्यक्रम लावी. त्यात एक बाई रोज थोडी थोडी गोष्ट वाचे. बायजाबाई खडे निवडता निवडता ऐके, मधेच पदरानं डोळे पुसे, आणि गोष्ट संपली की रेडिओ बंद करून चहा ठेवी. हैबतराव उठत तेव्हा चहा तयार असे. तेवढंच त्यांना माहीत होतं.

पंच्याण्णव साली श्रावणात समोरच्या जितेशनं सिस्टीम आणली, आणि हैबतरावांच्या सुखाला दृष्ट लागली. जितेश धाटावला केमिकल कंपनीत. काळी कुळकुळीत सिस्टीम, दोन कॅसेटींची, वर सीडीचं झाकण, दोन बाजूंना दोन स्पीकर आणि मधोमध वरखाली नाचणाऱ्या लाल-हिरव्या लाइटी. पहिले चार दिवस ती दणाणली. मग जितेशला नाइट शिफ्ट लागली, तो संध्याकाळपर्यंत झोपू लागला, तान्हं पोरही झोपू लागलं आणि आवाज शून्यावर आला. गंमत अशी, की आवाज शून्यावर असला तरी लाइटी नाचतच. मग काय! आळीतली माणसं संध्याकाळी जितेशच्या घरात जमू लागली. खोलीतला दिवा मालवायचा आणि अर्धा तास न बोलता लाइटी बघायच्या. जाताना म्हणायचं, "वा! काय सिस्टीम हाय!"

इकडे हैबतरावांच्या पडवीत खुर्ची, रेडिओ आणि एक कुत्रं. तीन संध्याकाळी त्यांनी कशाबशा काढल्या. चौथ्या दिवशी शेजारची जनी रस्त्यावरूनच म्हणाली, "काका, तुमचा रेडिओ आता म्हातारा दिसतो हां." रेडिओ म्हातारा, तर त्याच्या शेजारचा माणूस कोण? पडवी पुन्हा भरली नाही तर आपल्याला या आळीत कुणी विचारणार नाही, हे त्यांना स्वच्छ दिसलं. गणपती आठ दिवसांवर आले होते. गणपतीला सगळी आळी घरोघर जाते. तेवढ्यात काहीतरी करायला हवं होतं.

त्यांनी केलं. रेडिओ गोधडीत बांधला आणि पेणची एसटी धरली. दोन तिकिटं काढून खिडकीची जागा रेडिओला दिली. कुठे? तर हमरापूरला, कान्हू रंगाऱ्याकडे. गणपतीच्या डोळ्यांची आखणी करण्यात कान्हूचा हात धरणारा सगळ्या पेण तालुक्यात कुणी नव्हता. त्याला त्या दिवसांत जेवायला फुरसत नसे. तरी गोधडी सुटली तसा तो कुंचला ठेवून उठला.

"काका, बोलणारा गणपती पयल्यांदाच आला माझ्याकडं!"

"ह्याला मॉडर्न कर," हैबतराव म्हणाले. "समोरच्या जितेशची हाय तशी. काळी. लाइटीवाली."

"आन ह्या कापडाचं?"

"सगळं काळं. कायपण जुनं दिसता कामा नाय."

कान्हूनं रेडिओ फिरवून पाठ बघितली. भोकाभोकांचा मळका पुठ्ठा. "पाठ सोडतो तशीच. गणपतीचीबी सोडतो. पाठ कोण बघतोय?" हे हैबतरावांना मनापासून पटलं. आयुष्यात इतकं शहाणं बोलणारा माणूस त्यांना क्वचितच भेटला होता.

चार दिवस रेडिओ दीडशे गणपतींच्या रांगेत बसला. कान्हूनं मूर्तीला देतात तसा आधी सफेदा दिला, मग काळ्या ऑइलपेंटचे दोन हात, मग रुपेरी पट्टे, आणि सोनेरी कापड होतं तिथं लाल-हिरव्या लाइटींच्या उभ्या रांगा, चमकी मारून. हिरव्या डोळ्यापाशी मात्र सवयीनं हात घसरला आणि त्यानं डोळ्याला वरून एक बारीक, लपेटदार भुवई काढली. ती इतकी सुरेख आली की पुसायला त्याचं मन धजेना.

हैबतराव रेडिओ पाटावर ठेवून, वर रुमाल टाकून घेऊन निघाले. रोह्याच्या स्टँडवर उतरले तर कुणीतरी ओरडलं, "गणपती बाप्पा!" आणि पन्नास माणसं म्हणाली, "मोरया!" एका म्हातारीनं पुढे येऊन नमस्कार केला. हैबतरावांनी चाल तेवढी जरा सावकाश केली.

घरी आल्यावर त्यांनी रेडिओ लावून बघितला. डोळा हिरवा झाला, पण आवाज? गोधडीत तोंड खुपसून कुणी बोलावं, तसा. रंगानं कापड पत्र्यासारखं कडक झालं होतं. हैबतरावांनी बटण बंद केलं. "दिसतो कसा, ते बघ गो!" ते बायकोला म्हणाले.

"माझी दुपारची गोष्ट?" बायजाबाईनं विचारलं.

"गोष्टी काय, मेल्या सगळ्या सारख्याच."

गणपतीच्या मखराशेजारी रेडिओ मांडला आणि हैबतरावांचे दिवस फिरले. आळी लोटली. गणपतीला हात जोडून माणसं रेडिओपुढे उभी राहत. "काका, कुठनं आणली सिस्टीम?" "बघा बघा, डोळा कसा बघतोय!" लावा म्हटलं की हैबतराव सांगत, "व्होल्टेज नाय." आमची वीज तरी किती उपकारी! तिच्यावर काहीही ढकला, कुणी शंका घेत नाही. पडवीत खुर्च्या कमी पडल्या. रस्त्याच्या एका बाजूला मुकी सिस्टीम, दुसऱ्या बाजूला मुका रेडिओ, आणि दोन्हीकडे गर्दी.

चौथ्या दिवशी जितेश स्वतः दर्शनाला आला. त्यानं प्रसाद घेतला, रेडिओकडे पाहिलं आणि बोटाची टिचकी कापडावर मारली. टकटक वाजलं.

"काका, स्पीकरच्या कापडाला रंग दिलात? आवाज यायचा कुठनं?"

पडवीत असं हसू पिकलं की मखराच्या पताका हलल्या. जनी तर खाली बसून हसली. "शोकेसमधी ठेवा आता," जितेश म्हणाला. तो वाईट बोलला नाही, खरं बोलला, पण हैबतरावांना ते जास्त लागलं. त्या संध्याकाळी पडवीत कुणी आलं नाही. गणपती पाचव्या दिवशी गेले, आणि पाठोपाठ हैबतरावांची अन्नावरची वासनाही गेली.

आठवडाभरानं, सकाळीच, कुणाला न सांगता ते रोह्याच्या बाजारात गेले. एका दुकानाच्या काचेबाहेर उभं राहून त्यांनी नव्या सिस्टीमी पाहिल्या. पाहता पाहता दुपार झाली. एकही परवडणारी नव्हती. ऊन सोसत, पाय ओढत ते परतले, तर वळणावरूनच त्यांना आपली पडवी दिसली. पडवी भरलेली होती.

बायजाबाई सूप घेऊन बसली होती. जनी होती, जितेशची बायको निशिगंधा तान्ह्याला मांडीवर घेऊन होती, आणखी आठदहा बायका होत्या. आणि रेडिओ? त्याचं तोंड भिंतीकडे केलेलं होतं! इकडे ती मळकी पाठ, कोळिष्टकं, पुठ्ठ्याची भोकं आणि भोकांतून दिसणारे पिवळे मिणमिणते दिवे. त्या भोकांतून एका बाईचा आवाज मोकळा, स्वच्छ येत होता.

"काय गो हे!" हैबतराव पायरीवरून ओरडले. "तोंड भिंतीकडं?"

"पाठीला रंग नाय ना दिलात," बायजाबाई सूप न थांबवता म्हणाली. "अठरा-वीस दिवस ऐकलं नाय मी. काल फिरवला तवा सापडला आवाज. बसा न्हायतर जा, पण बोलू नका."

"आमच्यात आवाज लावायची बंदीच हाय," निशिगंधा हळूच म्हणाली. "म्हनून आले."

हैबतराव खुर्चीवर बसले. खुर्ची सवयीनं रस्त्याकडे तोंड करून होती. थोडा वेळ ते तसेच बसले. गोष्टीतली बाई होडीची वाट बघत खाडीवर उभी होती, होडी येत नव्हती, आणि पडवीत कुणी हलत नव्हतं. हैबतरावांनी खुर्ची फिरवली.

"हा कार्यक्रम नवा चालू झालाय काय?" त्यांनी दबक्या आवाजात विचारलं.

"आपला रेडिओ आला तवापासनं ऐकते मी," बायजाबाई म्हणाली. "तुमी बाजूला झोपलेले असता."

हैबतरावांना वाईट वाटलं. एकतीस वर्षं तेल चोळलं आणि एक दुपार दिली नाही, हे त्यांना पहिल्यांदा कळलं.

दुसऱ्या दिवशी एक वाजता कान्हू आला. सीझन संपल्यावर उधारी गोळा करत तो दरवर्षी फिरे; यंदा विसर्जन न झालेलं आपलं एकमेव काम बघायला तो इकडे वळला होता. पडवीत बायका, मधे खुर्चीवर पुढे वाकलेले हैबतराव आणि आपली भुवई भिंतीकडे. कान्हूचा चेहरा पडला. मग त्याची नजर त्या मळक्या पुठ्ठ्यावर गेली आणि त्याला उभारी आली.

"काका," तो म्हणाला, "पाठीलापन मारतो एक हात. अशी झकास करतो की..."

"गप रं," हैबतराव मान न वळवता म्हणाले. "होडी आली काय ते ऐकू दे."