दार ओढून घे

परवा कपाटात माझ्या पहिल्या चित्रपटाच्या संवादांचे कागद सापडले. डांबरगोळ्यांच्या वासासरशी गोव्यातल्या धारगळ गावचं आमचं स्वयंपाकघर आठवलं.

तेव्हा तिथेच बसून बाबा ते कागद वाचत होते. त्यातला बाप मुलाला म्हणतो, "पुन्हा तोंड दाखवू नकोस." माझा भाऊ बाबांशी भांडून मुरगावला निघून गेला, त्या दिवसावरूनच मी ते लिहिलं होतं.

बाबा थांबले. "मी तसां म्हणूक नाय. दार ओढून घे, म्हटलंय."

"अर्थ तोच ना?"

"कडी घालूक कोणाक सांगूक नाय."

मी तेव्हाच भावाला फोन लावला. बाबांचं बोलणं त्याला सांगितलं. तो म्हणाला, "आजून कडी घालीत नाय?"

रविवारी तो आला. दार नुसतं लोटलेलं होतं.