‘अन्’च्या नादात गेलेली चाबी

कॉम्प्युटर लॅबची चाबी अकरा वर्षं माझ्या शर्टाच्या खिशात होती. शर्टासोबत ती दोनदा वॉशिंग मशीनमधूनही फिरून आली. मेहकरच्या आमच्या ज्युनिअर कॉलेजात एसी असलेली ती एकच खोली. त्यामुळे उन्हाळ्यात सगळा स्टाफ माझ्याशी फार गोड बोलायचा.

मार्चच्या मीटिंगमध्ये उपप्राचार्यांनी ती चाबी मागितली. त्यांचं म्हणणं असं, की लॅबच्या डेडस्टॉकची, म्हणजे टेबलं, खुर्च्या, कॉम्प्युटर या सगळ्या सामानाची यादी पाठवा, असे तीन मेल त्यांनी मला दिवाळीनंतर केले आणि मी यादी काही दिली नाही.

“मले एकही मेल आला नाही,” मी उभा राहून म्हणालो.

“‘मले’ नाही सर, ‘मला’.” पुण्याकडे शिकून आलेला माणूस. “आधी ‘मला’ म्हणायला शिका, मग मेल उघडायला शिकू.”

स्टाफरूम हसली. हसणाऱ्यांत माझ्याच एसीत बसून पेपर तपासलेले लोक होते. कोण कोण हसलं ते मी त्याच दिवशी लिहून ठेवलं. कागद अजून पाकिटात आहे.

प्राचार्यांनी सोमवारपर्यंत मुदत दिली. मेल आलेच नाहीत असं मी दाखवलं तर चाबी माझी, नाहीतर उपप्राचार्यांची.

सरळ मेलबॉक्स उघडून शोधता आलं असतं. पण मी पोरांना पायथन शिकवणारा माणूस, आणि मला सूड हवा होता तो प्रोजेक्टरवर, काळ्या पडद्यावर, हिरव्या अक्षरांत. रविवारी दुपारी कोड लिहायला बसलो. मेलबॉक्समध्ये शिरायचं, चाळणी लावायची, खाली किती मेल उरले ते छापायचं, एवढंच त्याचं काम. उपप्राचार्य दोन पत्त्यांवरून मेल करतात, एक कॉलेजचा आणि एक स्वतःचा. म्हणून मनात जसं बोललो तसंच लिहीत गेलो : कॉलेजच्या पत्त्यावरून आलेले, अन् त्यांच्या पत्त्यावरून आलेले, अन् दिवाळीनंतरचे, अन् विषयात ‘लॅब’ असलेले. जिथे ‘अन्’ तिथे एक ‘अँड’. चालवलं. उत्तर आलं, शून्य.

“मेला!” मी ओरडलो.

“कोण?” आतून बायको धावत आली.

“मेलच नाही, म्हंजे मेलाच न तो!”

हवं तेच उत्तर आलं की माणूस कोड पुन्हा तपासत नाही. मी तर संध्याकाळभर आरशासमोर ‘मला’ म्हणण्याची तालीम केली.

सोमवारी सगळ्यांसमोर कोड चालवला. पडद्यावर शून्य. “मला,” मी मुद्दाम जरा थांबलो, “एकही मेल आलेला नाही.” उपप्राचार्य घाईघाईनं मोबाइल चाचपू लागले. कपाळावर घाम. ते दृश्य इतकं गोड होतं की ते अजून थोडं टिकावं म्हणून मी कोड पुन्हा एकदा चालवला. तिथेच फसलो. दुसऱ्या वेळी गणिताच्या मॅडमनी चष्मा वर सरकवून पडदा नीट वाचला. त्या धामणगाव बढेच्या. वर्षातून चार वेळा बोलतात.

“सर, त्या दोन पत्त्यायच्या मधात ‘अँड’ काऊन लावलं?”

“दोन्हीकडचे पाहिजेत न मॅडम.”

“मंग तिथं ‘ऑर’ पाहिजे. तुम्ही तं एकाच वेळी दोन्ही पत्त्यांवरून आलेला मेल शोधून राह्यले. असा मेल जन्मात येईन का?”

खामगावचे अन् मेहकरचे पाव्हणे जेवायला बसवा, असं आपण म्हणतो तेव्हा दोन्हीकडचे सगळे पानावर बसतात. मशीन मात्र दोन्ही गावांचा असलेला एकच पाव्हणा शोधत फिरते आणि पंगत रिकामी राहते. हे मी दरवर्षी पोरांना शिकवतो. परीक्षेतही विचारतो, चार मार्कांना.

“बदलून पाहा,” प्राचार्य म्हणाले.

दोन पत्ते एका कंसात घातले, मधात ‘ऑर’ टाकलं, बाकीचे ‘अँड’ कंसाबाहेर ठेवले. पडद्यावर चार मेल उभे राहिले.

“मी तीन म्हणालो होतो, चार निघाले!” उपप्राचार्य खुर्चीत मागे रेलले. “आता चाबी...”

“चौथा कोणता?” मॅडमनी विचारलं.

मी तो उघडला. तो हेडक्लार्कसाठी लिहिलेला होता. हेडक्लार्कचं आणि माझं आडनाव एकाच अक्षरानं सुरू होतं. साहेबांनी ते अक्षर दाबलं असेल आणि पहिलं नाव आलं तेच निवडलं असेल. मी मोठ्यानं वाचलं, “‘लॅबच्या सरांना यादीचे तीन मेल टाकून ठेवतो. ते मेल वाचत नाहीत. मार्चमध्ये चाबी आपोआप येईल. एसीखाली माझं टेबल बसतं का, मोजून ठेवा.’”

मग परत वाचलं, सावकाश. उपप्राचार्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला तसतसा माझा आवाज चढत गेला. त्या भरात माउस जास्तच खाली सरकला आणि मेलच्या खाली माझं उत्तर दिसलं. मोबाइल तयार वाक्यं सुचवतो, त्यातलं एक मी न वाचताच दाबलं होतं : ‘नक्की सर, करतो.’

या वेळी स्टाफरूम हसली ती टेबलं बडवून.

प्राचार्यांनी डोळे पुसले. “यायनं कट केला, तो ज्यायच्याविरुद्ध होता त्यायलेच पाठवला. त्यायनं ‘करतो’ म्हणून कळवलं. अन् ते यायनंही वाचलं नाही!” मग माझ्यापुढे हात केला. “चाबी द्या. मॅडम, ठेवा तुमच्यापाशी.”

आता लॅब उघडायची तर मी मॅडमकडे अर्ज देतो. उपप्राचार्यांचं टेबल अजून खाली जिन्याजवळच, गरम हवा फेकणाऱ्या पंख्याखाली आहे. पण एवढ्यावर माझं पोट भरलं नाही. त्यांचे दोन्ही पत्ते, मधात ‘ऑर’, अशी चाळणी मी मोबाइलवर लावली. मेल आला की घंटी वाजायची आणि मिनिटाच्या आत माझं उत्तर जायचं : ‘वाचला. दुसऱ्या ओळीतल्या ‘सुचना’तला ‘सू’ दीर्घ हवा.’

जूनपासून त्यांनी मला मेल करणं बंद केलंय. काही सांगायचं असलं की दोन जिने चढून, धापा टाकत स्वतः येतात. मी सगळं शांतपणे ऐकून घेतो आणि म्हणतो, “मले हे मेलवर द्या न सर.”